मॉर्निंगटन नावाची गावं

तो दावा मी टाइप केला तेव्हा त्यातल्या माणसाशी माझा काही संबंध नव्हता. भिवंडी कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका वकीलसाहेबांकडे मी टायपिस्ट होते. वय बावीस. इंग्रजी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाले होते, बी.ए. बाहेरून चाललं होतं, आणि सरकारी नोकरीचे पाच-सहा अर्ज कुठे कुठे पडून होते. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. बसले तरी बोटं चालूच. जेवताना ताटाच्या कडेवर, झोपताना अंथरुणावर मी टाइप करत असे, आणि आई म्हणायची, हिला काहीतरी लागलंय.

दाव्यात लिहिलं होतं की वादींचा धाकटा भाऊ बारा वर्षांपूर्वी बोटीवर खलाशी म्हणून गेला. सात वर्षांहून अधिक काळ त्याची काही खबर नाही. सबब त्याला मयत धरावं आणि काल्हेरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरून त्याचं नाव कमी करावं. असले दावे तेव्हा वाढले होते. खाडीकाठच्या भातजमिनींना गोदामवाले विचारू लागले होते आणि एका सहीसाठी व्यवहार अडून राहात. मी यांत्रिकपणे दोन पानं संपवली आणि प्रतिवादीच्या नावावर आले. वादींची सख्खी बहीण. खाली पत्ता होता आमच्या चाळीचा.

आमच्या खोलीपासून तिसऱ्या खोलीत ती राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. लूमच्या कारखान्यात ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या दोऱ्याच्या नळ्या. बारा-बारा तासांची शिफ्ट, पण थकलेली अशी मी तिला क्वचितच पाहिली. माझे बाबा नगरपालिकेच्या दवाखान्यात ड्रेसर होते. मशीनमध्ये सापडून एकदा तिचं बोट फाटलं, तेव्हा बाबांनी महिनाभर घरी पट्ट्या बदलल्या होत्या. तेव्हापासून ती आमच्याकडे येऊन-जाऊन असे. बौद्धवाड्याला लागून असलेल्या त्या चाळीत आगऱ्यांची ती एकटीच, पण आमच्या घरात बसून आमच्या कपातला चहा ती कधीपासूनच पीत होती.

ऑफिसातला कागद ऑफिसात ठेवायचा, हे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. संध्याकाळी घरी येताना मी स्वतःला तेच बजावत आले. नोटीस तिला मिळणारच आहे, आठ-पंधरा दिवसांनी. आपण तोंड उघडायची गरज नाही. पण घरी आल्यावर माझ्याच्याने भाकरी खाववेना. मी उठले आणि तिच्या दारात गेले.

ती ऐकत राहिली. रडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मेला कनी सांगला? तो जिता हाय. मना ठाव हाय."

मग तिने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि तळातून एक लिफाफा काढला. त्यात तिच्या भावाचं एकुलतं एक पत्र होतं. दहा वर्षांपूर्वीचं, मोडक्यातोडक्या मराठीत, चार ओळींचं: मी बरा आहे, बोट सोडली, काम मिळालं, आईला सांग. लिफाफ्याच्या मागे कुणीतरी दुसऱ्याने नीट इंग्रजी अक्षरांत त्याचा पत्ता लिहून दिला होता. पण अर्धा कागद वाळवीने खाल्लेला. घरनंबर चौदा वाचता येत होता. रस्त्याच्या नावाची शेवटची दोन अक्षरं उरली होती. त्याखाली पूर्ण, स्पष्ट, एक शब्द: मॉर्निंगटन. देशाचं नाव गेलेलं. पुढच्या बाजूचं तिकीट गावच्या मास्तरांनी त्यांच्या संग्रहासाठी कापून नेलं होतं, त्याबरोबर शिक्काही गेला होता. ते मास्तर पुढे वारले.

मावशीला त्या शब्दातला पहिला तुकडा तेवढा ओळखीचा होता. कारखान्यात मॉर्निंग शिफ्ट असायची. इतकी वर्षं ती समजत आली होती की भाऊ कुठल्यातरी सकाळच्या गावाला गेला. उत्तर पाठवायला तिने दोघा-तिघांना तो लिफाफा दाखवला होता. देश माहीत नसताना पत्र कुठे टाकणार, असं म्हणून त्यांनी तो परत दिला होता. मग आई गेली, त्याचीही खबर त्याला देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साहेबांना खोटं सांगून लवकर निघाले आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन घरीच असत. त्यांच्याकडे एक जाडजूड नकाशापुस्तक होतं आणि एका इंग्रजी विश्वकोशाचे काही सुटे खंड. नशिबाने एम अक्षराचा खंड त्यांत होता. सरांनी भिंगातून शोधलं आणि हसले. म्हणाले, तुझा माणूस सरदार आहे का गं? पहिली नोंद गावाची नव्हतीच. ती एका सरदारकीची होती. इंग्लंडच्या राजाने कोणे एके काळी आयर्लंडातल्या एका घराण्याला दिलेली पदवी, आणि त्या घराण्यातला एकजण आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन गेलेला. ती पदवी ज्या गावावरून आली ते गाव आयर्लंडमध्ये, एका नदीच्या मुखाशी. खेडंच म्हणायचं. पण नाव तिथेच राहिलं नव्हतं. नकाशात ते ऑस्ट्रेलियात दोन ठिकाणी सापडलं. न्यूझीलंडमध्ये एका शहराचा भाग म्हणून सापडलं. सर म्हणाले, आणखीही असतील. गोरे जिथे गेले तिथे गावांची नावं गाठोड्यात बांधून घेऊन गेले.

मी चार पत्ते वहीत उतरवून घेतले. परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती तगमग. एक गाव शोधायला गेले होते आणि चार घेऊन आले.

मावशीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिच्या मनात त्यातलं सरदाराचंच तेवढं राहिलं. तिने शांतपणे विचारलं, मग माझा भाऊ त्या सरदाराच्या घरी नोकर असेल का. मी नाही म्हटलं, सरदार आता तिथे नसेल, ते नाव नुसतं राहिलंय. ती म्हणाली, नाव राहतं ना, तेच.

आम्ही चार हवाई पत्रं लिहिली. चारही त्या-त्या गावच्या पोस्टमास्तरांना. मजकूर एकच: हा माणूस तुमच्या गावात घरनंबर चौदामध्ये दहा वर्षांपूर्वी राहात होता, रस्त्याच्या नावाचा शेवट असा असा, डाव्या भुवईवर होडीचं वल्हं लागल्याची खूण, त्याची बहीण त्याला शोधते आहे. पत्रं मी रविवारी आमच्या घरी हाताने लिहिली. ऑफिसच्या मशीनवर ती टाइप करायची माझी हिंमत नव्हती. सकाळी त्या भावांच्या वकिलाचं काम करायचं आणि संध्याकाळी त्यांच्या बहिणीचं, हे मला डाचत होतं. साहेब माझ्याशी चांगले वागत. मी काही चुकले तर नुसतं पेन्सिलीने खूण करून कागद परत ठेवत. त्यांच्याकडे सरळ बघणं मला दिवसेंदिवस जड जाऊ लागलं.

नोटीस आली. त्यानंतरच्या आठवड्यात तिचे दोन्ही थोरले भाऊ काल्हेरहून आले. मावशी शिफ्टला गेली होती, म्हणून ते आमच्या दारात थांबले. आईने बसा म्हटलं. मधला बसला, थोरला उंबऱ्याबाहेर उभाच राहिला. चहा दिला, तो मधल्याने घेतला, थोरल्याचा तसाच कठड्यावर गार झाला. आईने कप उचलून नेला. मी आत बसून होते. त्यांनी मला ओळखलं नाही, ऑफिसात टायपिस्टकडे कोण बघतं.

मावशी आल्यावर बोलणं गॅलरीतच झालं. मी त्या थोरल्याला मनात दुष्ट ठरवून बसले होते, पण तो तसा बोलला नाही. तो म्हणाला की आई वाट बघत मेली. बापाने मरताना त्याचंच नाव घेतलं. घरात कार्य निघालं की त्याच्या नावाचं पान वाढायचं की नाही यावर दर वेळी भांडण. मेला म्हटलं तर निदान त्याचं दिवसपाणी करता येईल, ज्याला जे द्यायचं ते देता येईल.

"आमचाबी भाव व्हता तो," तो म्हणाला. "तुझ्या एकलीचा न्हाय."

मावशीने मान हलवली. "व्हता न्हाय. हाय."

ते निघून गेले. तिने त्या रात्रीचा स्वयंपाक केला नाही, आमच्याकडे जेवली. मला वाटत होतं, तो थोरला म्हणाला त्यातही खरं आहे. हे मी तिला सांगितलं नाही.

पहिलं उत्तर दोन महिन्यांनी आलं, आणि ते आलं आयर्लंडहून. मूळच्या गावाहून. तिथल्या टपाल कचेरीतल्या बाईंनी स्वतः लिहिलं होतं, गोल, काळजीपूर्वक अक्षरात. आमच्या गावात असा रस्ता नाही. घरांना नंबरही फारसे नाहीत, सगळे एकमेकांना ओळखतात. मी रविवारी चर्चमध्ये विचारलं, भारतातला कुणी माणूस इथे कधी राहिल्याचं कुणालाच आठवत नाही. आमच्या नावाच्या दुसऱ्या गावांची पत्रं अधूनमधून चुकून इकडे येतात, ती आम्ही पुढे पाठवतो, तेव्हा तुम्ही धीर सोडू नका. बरोबर एक चित्राचं कार्ड होतं. नदी समुद्राला मिळते तिथे किनाऱ्यावर एक जुना दगडी मनोरा, ओहोटीचा चिखल, आणि वर भरून आलेलं आभाळ.

मावशीने ते कार्ड कितीतरी वेळ हातात धरलं. चिखल बघून म्हणाली, ही तर आपली खाडी. मग डोळ्यांजवळ नेऊन त्यात माणूस शोधू लागली. मी तिला सांगत होते की तो इथे नाही, असं त्या बाईंनीच लिहिलंय. पण तिचं मन त्या कार्डावर बसलं. तो तिथेच असेल, लपला असेल, त्या बाईला काय माहीत. मला राग आला. उत्तर इतकं प्रेमळ यायला नको होतं, असं वाटलं.

पुढे ऑस्ट्रेलियाहून एक छापील चिठ्ठी आली: पत्ता अपुरा. तिथल्या दुसऱ्या गावाहून काहीच आलं नाही. कोर्टाची एक तारीख झाली, पुढची पडली. मावशी दर तारखेला रजा टाकून जायची, खाडे पडले म्हणून मुकादमाची बोलणी खायची आणि बाकावर हात जोडल्यासारखी बसून राहायची. मी साहेबांबरोबर कोर्टात जाऊन तिच्याविरुद्धचेच कागद नीट लावत असे. आमची नजरानजर झाली की दोघी मान फिरवायचो. ते सहा महिने मी आयुष्यात सगळ्यात कमी झोपले.

शेवटचं उत्तर न्यूझीलंडचं. पाकीट जाड होतं. चौदा नंबरच्या घराच्या मालकीणबाईंनी लिहिलं होतं. पोस्टाने आमचं पत्र थेट त्यांच्या दारात नेऊन दिलं होतं. होय, तो माणूस इथे राहात होता. भुवईवर खूण, कमी बोलणारा, चांगला भाडेकरू. लोकरीच्या गिरणीत कामाला जायचा. सहा वर्षांपूर्वी तो उत्तरेकडे गेला, तिथे त्याने लग्न केलं. गेल्या नाताळालाही त्याचं कार्ड आलं आहे. बहिणीला माझा नमस्कार सांगा. खाली त्याचा सध्याचा पत्ता दिला होता. तो इथे वेगळ्या नावाने राहतो, असंही एका ओळीत कळवलं होतं.

मी ते पत्र मावशीला तिच्या कारखान्याच्या फाटकातच वाचून दाखवलं. आतून लूमचा आवाज येत होता, मला ओरडून वाचावं लागलं. ती दोन्ही हातांनी फाटक धरून उभी राहिली. "गिरनीत," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तोबी गिरनीत."

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. कधीपासून, कसं, किती वेळा खोटं बोलून लवकर निघाले तेही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माणूस जिवंत असताना त्याला मेलेला ठरवण्यापासून तू मला वाचवलंस," ते म्हणाले. "त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. पण उद्यापासून येऊ नकोस."

मी बरं म्हटलं. मशीनवर कव्हर घातलं, ड्रॉवरमधली माझी वही घेतली आणि बाहेर पडले. रस्त्यात मला रडू यायला हवं होतं, पण मला हलकं वाटत होतं, आणि घर जवळ आल्यावर भीती. आईला काय सांगायचं. आईने ऐकलं आणि म्हणाली, जेवून घे.  आठ दिवसांनी बाबांनी कुठूनतरी एक जुना टाइपरायटर आणून दिला, त्याचं एक अक्षर अडकायचं.

दावा भावांनी मागे घेतला. आणि आम्ही त्या नव्या पत्त्यावर पत्र टाकलं. आई गेल्याचं, बाप गेल्याचं, जमिनीचं, सगळं. मावशी सांगत गेली, मी लिहीत गेले. शेवटी तिने एवढंच लिहायला सांगितलं की एकदा ये.

उत्तर यायला चार महिने लागले. ते मराठीत होतं. अक्षरं लहान मुलाने गिरवल्यासारखी, मध्येच एखादा शब्द आठवला नसावा तिथे रेघ. आम्ही आमच्या खोलीत बसलो. मी आधी मनात वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबले.

त्याने लिहिलं होतं की तू जिवंत आहेस हे वाचून बरं वाटलं. आईचं वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही. मी बोटीवरून न सांगता उतरलो, पकडतील म्हणून दुसरं नाव घेतलं, तेच आता माझं नाव झालं. बायकोला गाव, जमीन, भाऊ, काही सांगितलेलं नाही. दोन मुली आहेत, त्यांना वाटतं त्यांच्या बापाला कुणी नाही. आता हे उकरू नकोस. आणि मग ती ओळ: दादा म्हणतात तसं होऊ दे, मी मेलो म्हणून लिहू द्या.

 ही ओळ गाळता आली असती. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हणू शकले असते, लिहिलंय की येईन कधीतरी.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "वाच," ती म्हणाली. "लिवलंय ता वाच."

मी वाचलं. ती उठली, मोरीवर जाऊन तोंड धुतलं, पदराने पुसलं.  मग पाठमोरीच म्हणाली, "दोन पोरी हायेत." आणि थोड्या वेळाने, "सातबाऱ्यावरचा नाव काढायचा न्हाय. त्याला काय कलतंय."

त्यानंतर आमच्यात त्या पत्राचा विषय निघाला नाही. भावांना तिने फक्त त्याचं पत्र आल्याचं आणि तो बरा असल्याचं सांगितलं. त्याचं म्हणणं सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पण मला ते सोडेना. त्याने जे मागितलं होतं ते त्याच्या भावांना हवं होतं. माझ्या साहेबांनी ते कायद्याने मिळवूनही दिलं असतं, आणि तो तिकडे त्याच्या दुसऱ्या नावात सुखाने राहिला असता. मी चार पत्रं टाकून एका माणसाला बारा वर्षांनंतर गाठलं होतं. पुढे कित्येक महिने मला वाटायचं, त्या आयर्लंडच्या बाईचं उत्तर आलं तेव्हाच मी थांबले असते तर. मग मावशी गॅलरीतून जाताना दिसायची, ताठ, पूर्वीपेक्षा किंचित मोठ्या आवाजात कुणाशी बोलणारी, आणि मला काहीच ठरवता यायचं नाही.

मला वर्षभराने वडप्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात नोकरी मिळाली. काल्हेरला एकामागून एक गोदामं उठली. शेवटी धाकट्याचा हिस्सा बाजूला काढून जमिनीची वाटणी झाली, भावांनी आपापले हिस्से विकले, मावशीनेही तिचा विकला आणि चाळ सोडून काल्हेरलाच दोन खोल्या घेतल्या. तो हिस्सा मात्र तसाच राहिला, दोन गोदामांच्या भिंतींमध्ये एक लांबट पट्टा. तिथे ती भाताच्या मागून वाल टाकायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका रविवारी मी तिच्याकडे गेले होते. थोरला भाऊ तिथेच होता, आता बराच थकलेला. मी गेले तेव्हा त्याने स्वतः उठून मला खुर्ची दिली आणि चहा घ्यायला तो आमच्याबरोबर बसला. तेवढ्यात एक माणूस मोटारसायकलवरून आला. शेजारच्या गोदामवाल्याकडून आला होता, हा पट्टा कुणाचा, विकायचा आहे का, विचारत होता. मावशी काही बोलायच्या आत थोरला म्हणाला, "तो आमच्या धाकल्याचा हाय. तो फारेनला असतो."

मग कधी येणार, त्या माणसाने विचारलं. थोरल्याने कप खाली ठेवला, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला की ते त्यालाच विचारायला पाहिजे. मावशीने मान खाली घातली आणि सुपातल्या शेंगा निवडत राहिली. माणूस गेला. मलाही निघायचं होतं, पण तिने पिशवीभर शेंगा दिल्या आणि रस्त्यापर्यंत सोडायला आली. गोदामाच्या भिंतीकडेने चालताना तिने मला विचारलं, त्याच्या पोरी आता केवढ्या झाल्या असतील. मी अंदाजाने हिशेब करून सांगितलं.